अस्तरवाली प्रेमिला

प्रेमिला गजभिये कामावर निघते तेव्हा तिच्या अंगावर धातूचा कण नसतो. पोत घरी, जोडवी घरी, बांगड्या घरी. केसांत साधी पिन नाही आणि परकरालासुद्धा नाडीच. सुरुवातीला शेजारणींना वाटलं, नवऱ्याशी बिनसलं असेल. नवरा रुपराव इतवारीत भांड्यांचा टेम्पो चालवतो, भला माणूस आहे, आणि त्याचं बायकोशी बिनसलंच तर ते टीव्हीच्या रिमोटवरून. खरं कारण वेगळं होतं. प्रेमिला क्षेपणास्त्रांच्या कारखान्यात कामाला आहे आणि तिथे पिनेची एक ठिणगी उडाली तर खेळ खलास.

कारखाना सावनेरच्या बाजूला. नाव मी सांगणार नाही. गेटवर मोबाइल काढून घेणाऱ्या जागेचं नाव छापून मला माझा म्हातारपणीचा निवांतपणा घालवायचा नाही. तिथे आधी कोळशाच्या खाणीत सुरुंग लावायची दारू बनायची. मग एक मोठं काम मिळालं: क्षेपणास्त्राची मोटर. मोटर म्हटलं की आपल्याला विहिरीवरची आठवते, पण ही तशी नव्हे. ही एक लांबलचक पोलादी नळी. तिच्यात घट्ट इंधन भरायचं, मागून पेटवायचं, आणि ते जळताना जो जाळ मागे सुटतो त्याने सगळं धूड आभाळात जातं.

आता गंमत अशी की आतला जाळ पोलाद वितळवेल एवढा तापतो. म्हणजे इंधनाने शत्रूच्या आधी आपलीच नळी खायची. म्हणून नळीला आतून रबराचं अस्तर लावतात. ब्लाऊजला लावतात तसंच, फक्त टाक्यांऐवजी चिकटद्रव्य. रबराचे तुकडे कापायचे, नळीत आडवं पडून सरकत जायचं, द्रव्याचा हात फिरवायचा, तुकडा बसवायचा आणि छोट्या रोलरने दाबत दाबत त्याखालची हवा काढायची. कुठे बुडबुडा राहिला, कुठे रबर सुटलं, की जाळ तिथून मागे शिरतो आणि नळी फुटते.

हे काम आधी पुरुषांना दिलं होतं. पुरुष खांद्यापाशी अडकले. एकाला तर पाय धरून बाहेर ओढावं लागलं, आणि तो बाहेर आल्यावर म्हणाला की मी परत सुरुंगाकडे जातो. तेव्हा मधुवंती मॅडमनी बायका मागितल्या. मधुवंती मॅडम म्हणजे त्या विभागाच्या इंजिनिअर. घराणं भोसल्यांच्या काळात नागपुरात आलेलं, पणज्यापासून सगळे कारकून; कागद सोडून दारूत शिरलेली ही पहिलीच. त्यांनी पॅकिंगमधून लहान चणीच्या सहा बायका निवडल्या. त्यांत प्रेमिला होती.

प्रेमिलाचं शिक्षण बारावी. नळीत शिरायचं म्हटल्यावर पहिल्या दिवशी ती दोनदा अर्ध्यातून मागे सरकली, हे ती स्वतः सांगते. पण महिनाभरात तिला नळीतली ती अर्ध्या अंधाराची जागा आवडायला लागली. वर ना सासू, ना साहेब. फक्त हात, रबर आणि रोलरचा आवाज. तिच्या हाताखालून सरकलेलं रबर असं बसायचं की मॅडम आत बॅटरी मारून नुसत्या मान हलवायच्या.

शिकवणीच्या खोलीत भिंतीवर एक मोठा तक्ता होता. जगातली क्षेपणास्त्रं एका रांगेत, लहानमोठी, आपापल्या देशाच्या झेंड्याखाली. पहिलं जर्मनांचं व्ही-टू, दुसऱ्या महायुद्धातलं. मग रशियाचं स्कड, अमेरिकेचं मिनिटमन, फ्रान्सचं एक्झोसेट, चीनचं डाँगफेंग, आणि मग आपली पृथ्वी, अग्नी, आकाश, रशियाबरोबर केलेलं ब्रह्मोस. जेवणाच्या सुट्टीत प्रेमिला डबा घेऊन त्या तक्त्यासमोर बसायची. मॅडमनी एकदा समजावलं की काही क्षेपणास्त्रं बॅलिस्टिक असतात, सुरुवातीलाच जोर लावून फेकलेली, नंतर आपल्या वजनाने पडणारी. आणि काही वाटेत वळत वळत निशाण्याचा पाठलाग करतात.

"म्हणजे एक आमच्या गावची गोफण," प्रेमिला म्हणाली, "अन् दुसरी गांधीलमाशी."

मॅडम हसल्या. पुढे शिकाऊ इंजिनिअरांना त्यांनी हेच सांगितलं, आणि कुणाचं म्हणून तेही सांगितलं.

एकदा प्रेमिलाने विचारलं, "मॅडम, त्या अमेरिकेच्या नळीतही कोणी बाईच शिरत असन का?"

"मला ठाऊक नाही," मॅडम म्हणाल्या. "तक्त्यावर तेवढं लिहीत नाहीत."

"शिरत असन," प्रेमिला म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला. त्या दिवसापासून तिच्या लेखी तक्त्यावरच्या प्रत्येक झेंड्याखाली एक बाई होती.

घरी मात्र या कामाचं कौतुक कमी. सासू मनकर्णाबाई पक्की बौद्ध उपासिका. तिच्या आईबापांनी छप्पन साली दीक्षाभूमीवर धम्म घेतला होता आणि ती आईच्या कडेवर होती. दर पौर्णिमेला विहारात, दर वर्षी श्रामणेर शिबिराला, म्हणजे काही दिवस मुंडन करून भिक्षूंसारखं राहायच्या शिबिराला, मदतीला. तिला हे काम डोळ्यांत सलायचं.

"सकाळी पंचशील म्हणते," ती म्हणायची, "अन् दिवसभर बॉम्ब बनवते. कसं जमते वं तुले?"

प्रेमिला कधी म्हणायची, आपला देश कोणावर चालून जात नाही. कधी म्हणायची, पोरीचं कॉलेज त्याच्यावरच चाललं आहे. पण मनातून तिलाही त्याचं उत्तर धड माहीत नव्हतं, आणि ती तसं म्हणायचीही. मग दोघींपैकी कोणीतरी भाजी चिरायला घ्यायचं.

असं सात-आठ महिने चाललं. सरावाच्या नळ्या झाल्या, तपासण्या झाल्या, आणि पहिली खरी मोटर अस्तराला आली. एप्रिल महिना, नागपूरचं ऊन, आणि नळीत हवेची एक बारीक पाइप सोडलेली. सहाही जणींनी आळीपाळीने काम केलं. वेळेत झालं, देखणं झालं. मॅडमनी पेढे आणले.

पेढ्यांची चव जिभेवर असतानाच एक्स-रेचा निकाल आला. अस्तर तीन ठिकाणी सुटलं होतं. पोलाद आणि रबर यांच्यामध्ये हातरुमालाएवढ्या पोकळ्या. मोटर बाद.

चिकटद्रव्य तपासलं, ते ठीक होतं. रबर तपासलं, तेही ठीक. मग सुटलेलं रबर सोलून प्रयोगशाळेत नेलं आणि तिथे उत्तर सापडलं: तेल. सगळ्यांना वाटलं, मशीनचं असेल. क्रेनवाल्याला झापलं, फिटरला झापलं. फिटर बिचारा शपथा घेऊन थकला.

दोन दिवसांनी मॅडमनी सहाही बायकांना बोलावलं आणि पूर्ण अहवाल वाचून दाखवला. तेल मशीनचं नव्हतं. खोबऱ्याचं होतं.

सहाही जणींचे हात, एकदम आणि नकळत, आपापल्या टोपीखालच्या केसांकडे गेले.

वाचकहो, चूक कशी झाली बघा, म्हणजे तुम्ही त्या बायकांना हसणार नाही. नियम होता: पिन नको, क्लिप नको, नायलॉनचा रबरबँडसुद्धा नको. बरं, टोपीतून एकही केस बाहेर यायला नको, हाही नियम होता. मग लांब केसांची बाई करणार काय? नागपूरच्या बाईने जे केलं असतं तेच त्यांनी केलं. सकाळी ओंजळभर तेल थापून केस डोक्याला असे चपटे बसवले की वारा आला तरी हलू नयेत. कोणी आळस म्हणून नाही केलं. नियम पाळायचा म्हणून केलं. आणि मग एप्रिलच्या उन्हात, नळीत, तेच तेल घामाबरोबर कपाळावरून ओघळून थेंब थेंब पोलादावर पडलं. साध्या कापडाच्या टोपीने ते अडवलं नाही. खुद्द मॅडमसुद्धा डोक्याला तेल लावूनच यायच्या, त्यांच्याही ध्यानात ते आलं नव्हतं.

आता मोठ्या साहेबांची पाळी. ते काही वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्या मानगुटीवर वरची माणसं बसलेली होती. त्यांनी सांगितलं की बाहेरून यंत्र मागवायचा विचार आहे, आणि ते येईपर्यंत परराज्यातली एक टोळी अस्तर लावेल. बायका परत पॅकिंगला.

"आम्ही शाम्पू करून येऊ साहेब," सुमती म्हणाली. सुमती म्हणजे सहांतली सगळ्यांत हौशी. पॅकिंगमध्ये असताना रोज गजरा माळून यायची आणि गेटवर तो काढून रखवालदाराच्या टेबलावर ठेवायची.

"रोज सकाळी सहा डोकी हुंगून बघू का मी?" साहेब म्हणाले. "एक दिवस एक जण विसरली की एक मोटर गेली. विश्वास कशावर ठेवू?"

साहेबांचं म्हणणं तिरकस होतं, पण खोटं नव्हतं. बायका खाली माना घालून निघाल्या. दाराशी प्रेमिला थांबली. तिला स्वतःलाच कळलं नाही की ती काय बोलणार आहे.

"डोक्यावर केसच नसले तर, साहेब?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. प्रेमिलाची वेणी कंबरेखाली जायची. साऱ्या कारखान्याला ती ठाऊक होती. मॅडम उठून उभ्या राहिल्या.

"एक मोटर द्या आम्हाला," मॅडम म्हणाल्या. "टोळी यायला वेळ आहे. मोटर बिघडली तर मीही पॅकिंगला जाते."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "एक. बस," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी प्रेमिलाने घरी सगळं सांगितलं. रुपराव ताटावरून उठून अंगणात गेला आणि तिथेच उभा राहिला. लग्नाआधी त्याने तिला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं, सावनेरच्या बाजारात, आणि त्या वेणीवरच त्याचा जीव जडला होता. हे साऱ्या नातेवाइकांना माहीत होतं, कारण त्यानेच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"लोकं काय म्हणतीन?" तो परत आत येऊन म्हणाला.

"म्हणू दे. मले पॅकिंगले नाही जायचं परत. बुडबुडा एक नाही सोडत मी, तुमाले मालूम आहे. ते काम माह्यं आहे. तेलापायी जाऊन राहिलं, हातापायी नाही."

रुपरावने आईकडे पाहिलं. वाटलं, म्हातारी आता चान्स सोडणार नाही. बॉम्बचं काम सुटतंय, तिला तेच हवं होतं. मनकर्णाबाई उठली, कपाटातून शिबिराची पिशवी काढली आणि तिच्यातून वस्तरा बाहेर आला. शिबिरात दरवर्षी श्रामणेरी होणाऱ्या बायकांची डोकी तीच उतरवायची. आपलं स्वतःचंही तिने दोनदा उतरवून घेतलं होतं.

"बस पाटावर," ती म्हणाली. "मी बॉम्बसाठी नाही करून राहिली, ध्यानात ठेव. तुह्या हातातलं काम त्या बाहेरच्या टोळीले जाते, ते मले पटत नाही. बॉम्बचं आपण मंग पाहू."

आधी कात्रीने वेणी उतरली. मग साबणाचा फेस, मग वस्तरा. म्हातारीचा हात सत्तरीतही सफाईचा होता. प्रेमिला डोळे मिटून बसली आणि दोन वेळा रडली, आणि दोन्ही वेळा सासू वस्तरा थांबवून वाट पाहत राहिली. झाल्यावर रुपरावने तिच्याकडे नीट पाहिलं. त्याचे डोळे भरलेले होते, पण तो रुपरावच.

"आता हेल्मेट बरोबर बसन," तो म्हणाला. प्रेमिला हसता हसता परत रडली.

दुसऱ्या दिवशी बसमधून, गेटमधून, त्या लांब रस्त्यावरून ती उघड्या डोक्याने चालत गेली. डोक्यावरून पदर घेतला नाही. रखवालदार उभा राहिला. पॅकिंगच्या पोरी खिडकीत जमल्या. कोणी म्हणालं, घरात कोणी गेलं वाटतं. कोणी म्हणालं, टायफाइड. प्रेमिलाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण चाल सरळ होती.

एक अडचण उरली होती आणि ती मोठी होती. चिकटद्रव्य लवकर सुकतं. एकटीने अस्तर होत नाही. एक आत, एक तोंडाशी, आणि मध्ये अदलाबदल. साहेबांना विचारलेला तिचा प्रश्न दाराशी सगळ्यांनी ऐकला होता, पण तिने कोणालाच तसं करायला सांगितलं नव्हतं. नवरा जिवंत असताना डोकं उतरवायला हिंदू घरातली बाई कशी तयार होईल, हे तिला कळत होतं, आणि तिने तसं मागणंही बरोबर नव्हतं. एक जण त्याच सकाळी राजीनामा देऊन गेली होती. तिघी पार्लरमध्ये जाऊन कानापर्यंत केस कापून, शाम्पू करून आल्या होत्या. मॅडमनी त्यांना रबर कापायला बसवलं. केस नसलेली डोकीच आत जातील, या अटीवर साहेबांनी मोटर दिली होती.

सुमतीचा पत्ता नव्हता. प्रेमिला नळीच्या तोंडाशी उभी राहिली, मॅडम घड्याळ पाहत राहिल्या. मग दार उघडलं. सुमती आली, डोक्याला सुती पंचा गुंडाळलेला. तिने दाराशी तांब्याच्या पट्टीला हात लावला, अंगातली वीज उतरवायचा नियम आहे तसा, आणि पंचा सोडला. डोकं चकचकीत. एका ठिकाणी कापलेलं, तिथे तुरटी लावलेली.

"सासू दोन दिवस बोलणार नाही म्हणते," सुमती म्हणाली. "म्हटलं, बरंच झालं, तेवढीच शांती. चाल, पहिली तू जाते का मी?"

त्या क्षणी काय वाटलं हे मी प्रेमिलाला विचारलं. ती म्हणाली, "मले वाटलं का आता मोटर जळो का फुटो, आमी जिंकलो." पण लगेच तिने हातमोजे चढवले आणि ती नळीत शिरली, कारण मोटर फुटून चालणार नव्हतं.

दोघींनी ते अस्तर जसं लावलं तसं त्या कारखान्यात आधी कोणी लावलं नव्हतं. हे मी म्हणत नाही, एक्स-रेवाला म्हणाला. त्याने पूर्ण नळी तपासली, मग विश्वास बसेना म्हणून पुन्हा तपासली, आणि मॅडमना फोन करून विचारलं की ही बाहेरून आणलेली आहे का.

पण एक्स-रे म्हणजे अर्धी परीक्षा. खरी परीक्षा जाळाची. मोटरमध्ये इंधन भरलं गेलं, आणि जूनच्या सुरुवातीला एका सकाळी तिला चाचणीच्या ओट्यावर काँक्रीटला करकचून बांधलं. उडवायची नाही, जागच्या जागी जाळायची. माणसं लांब, टेकाडापलीकडे. बायकांना कँटीनमध्ये पडद्यावर पाहायची परवानगी मिळाली. साहेब तिथेच मागे उभे होते.

उलटी मोजणी संपली. पडद्यावर आधी पांढरा जाळ दिसला, आवाज नंतर आला, आणि मग कँटीनचे स्टीलचे पेले फळीवर नाचायला लागले. प्रेमिला जाळ बघत नव्हती. ती नळीचं अंग बघत होती. तिला तिच्यातली वीतन् वीत ठाऊक होती; इथे सुमतीचा हात, इथे आपला, इथे टोकाच्या गोलाईवर आपण श्वास धरून रोलर फिरवला. फुटायची तर पहिल्या काही सेकंदांत फुटते, मॅडमनी सांगितलं होतं. ते सेकंद गेले. जाळ चालूच. आणखी गेले. सुमतीने तिचं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की नंतर दोन दिवस वळ राहिला. मग जाळ आखूड झाला, पिवळा झाला, आणि गेला. धूर निवळला. नळी तिथेच होती, अख्खी, जराशी काळवंडलेली.

कँटीनमध्ये जो आरडाओरडा झाला तो सावनेरपर्यंत गेला असेल. स्वयंपाक्याने परात वाजवली. ज्या फिटरला उगाच झापलं होतं तो दोन्ही हात वर करून नाचला, आणि त्याचा तो हक्कच होता. मॅडम टेकाडापलीकडून धावत आल्या, धुळीने माखलेल्या, आणि त्यांनी दोन्ही गुळगुळीत डोकी दोन हातांत धरून आपल्या खांद्यांवर टेकवली. साहेब पुढे आले. त्यांना भाषण येत नव्हतं, ते एक बरं होतं.

"टोळीला नाही म्हणून कळवतो," ते म्हणाले. "यंत्राचंही पाहू नंतर. पुढच्या नळ्या येताहेत. अजून बायका लागतील."

त्या संध्याकाळी मनकर्णाबाईने सुनेची हकीकत पूर्ण ऐकली. जाळाचं ऐकून तिने तोंड वाकडं केलं, सुमतीचं ऐकून ते सरळ झालं. "त्या पोरीले एकदा जेवाले आण," ती म्हणाली. बॉम्बचा वाद त्या घरात अजून मिटलेला नाही, आणि मला नाही वाटत तो मिटावा.

दिवाळीनंतर नव्या बायकांची बॅच आली. पॅकिंगमधल्या काही, बाहेरच्या काही, लहान चणीच्या, डोळे मोठे केलेल्या. शिकवणीच्या खोलीत त्या तक्त्यासमोर रांगेत बसल्या होत्या, आणि शिकवायला उभी होती प्रेमिला. डोक्यावर तेव्हा बोटभर केस आले होते. तिने नळी समजावली, अस्तर समजावलं, बुडबुडा समजावला. तेल का नको तेही सांगितलं, आडपडदा न ठेवता.

मागच्या बाकावर एक तरुण मुलगी होती, नुकतंच लग्न झालेली. तिची वेणी मांडीवर घेतलेली होती आणि ती दोन्ही हातांनी धरून बसली होती. सबंध तास तिचं लक्ष प्रेमिलाच्या डोक्यावर होतं. शेवटी तिने धीर केला.

"ताई, आमालेही उतरवा लागन का?"

खोलीतल्या सगळ्याच माना वर झाल्या. प्रेमिलाने दाराकडे पाहिलं. मॅडम तिथे उभ्या होत्या, त्यांनी तिलाच हाताने खूण केली. उत्तर तिचं होतं.

"नाही," प्रेमिला म्हणाली. "शाम्पू करून याचं, टोपीखाली केस सुती फडक्यात घट्ट बांधाचे, तेल सुट्टीच्या दिवशी लावाचं. तुमच्या शब्दावर साहेब विश्वास ठेवतीन. तेवढ्यासाठीच आमी दोघी बसलो होतो वस्तऱ्याखाली."

मुलीने वेणी सोडली. प्रेमिलाने हातमोज्यांचा डबा पुढे सरकवला आणि विचारलं, नळीत पहिली कोण जाणार.